उभं काज, आडवं काज

आमच्या आत्याला गल्लीत सगळे काजवाली म्हणतात. शर्टाचं बटण ज्यातून आरपार जातं ते काज. तिच्यासमोर त्याला भोक म्हणायची सोय नाही. भोक उंदीर पाडतो, असं ती तोंडातल्या टाचण्यांसकट सुनावते. ओठांत टाचण्या धरल्यामुळे तिला ‘प’, ‘ब’, ‘म’ जमत नाहीत आणि ‘बटण’चं ‘हटण’ होतं. मला ते हुबेहूब जमतं, पण तिच्या हाताशी लाकडी पट्टी असते, म्हणून मी दारात उभी राहून करते.

आसपासचे तीन शिंपी कापड कापतात, शिवतात आणि शेवटच्या कामाला आत्याकडे धाडतात. एका शर्टाला सात काजं, सगळी हातानं. बटणपट्टीवर सहा उभी, गळ्याशी एक आडवं. बाप्यांची बटणं उजवीकडे, बायकांची डावीकडे. डोळे बांधले तरी तिची बाजू चुकायची नाही.

अशा बाईला एका फोननं चारी मुंड्या चीत केलं.

तिचा जुना फोन कापड आटवायला ठेवलेल्या बादलीत पडला. संध्याकाळपर्यंत कापड आटलं आणि फोन वारला. मग आम्ही मोबाइलवाल्याकडे गेलो. नव्या फोनवर मागे जायचं बटण डावीकडून उठून उजवीकडे जाऊन बसलं होतं. आत्यानं ते पाहिलं आणि फोन शांतपणे काउंटरवर परत सरकवला. हा बाप्यांचा आहे, बायकांचा दाखवा, म्हणाली.

मोबाइलवाला जिभेला वंगण घातल्यासारखा बोलतो. काकू कंपनी वेगळी ना काकू, सिस्टिम वेगळी, पण एकदम सोप्पं हो काकू, नुसतं स्वाइप. ‘स्वाइप’ म्हणताना त्यानं हात असा काही हलवला, की वर, खाली की आडवा, कुणालाच कळलं नाही. आत्या मुकाट्यानं फोन घेऊन आली.

आता दादाबद्दल. दादा म्हणजे आत्याचा एकुलता एक मुलगा. मालवाहू जहाजावर आहे. चार महिन्यांपूर्वी निघताना दोघांचं वाजलं. तू हे शिक, माझ्यामागे कोण करणार, असं ती म्हणाली आणि तो बोलून गेला की हल्ली कपडे शिवून घालतं कोण. आत्यानं सुई पिनकुशनमध्ये खुपसली आणि म्हणाली, मग जा, आणि फोनही करू नकोस. त्यानं तेवढं मात्र इमानदारीत ऐकलं.

आणि नव्या फोनच्या पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला. लागोपाठ तीनदा. जुन्या फोनवर हिरवं वर्तुळ उजवीकडे ओढलं की फोन उचलला जायचा. आत्यानं तिन्ही वेळा उजवीकडे ओढलं. नव्यावर वर ओढायचं होतं. उजवीकडे ओढलं की फोन कापला जात होता.

संध्याकाळी एका अनोळखी नंबरावरून मेसेज आला. “आई, तीनदा कापलास. समजलो. मित्राच्या फोनवरून लिहितोय. उद्या चारला बंदर सोडतोय, मग दीड महिना रेंज नाही. तीनला एकदा शेवटचा करून बघतो.”

आम्ही आधी दादाच्या आणि मग त्या नंबरावर फोन लावला, तर दोन्हीकडे एक बाई कुठल्याशा भाषेत इतक्या गोड आवाजात काहीतरी म्हणाली की मी ते लगेच पाठ केलं. उत्तर पाठवलं, तर एकच खूण उमटली, दुसरी उमटेना. मी म्हटलं, आत्या, उद्या मी उचलते. ती म्हणाली, नको, मी तुला पुढे केलं असं वाटेल त्याला. आई अजून रुसलीच आहे म्हणेल.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून शिकवणी. माझ्या आईनं स्वतःच्या फोनवर दाखवलं, तर तिचं हिरवं आडवं सरकत होतं. शेजारचे नाना निवृत्त हेडक्लार्क. ते प्रत्येक वाक्य जावक क्रमांक घातल्यासारखं बोलतात. त्यांचं म्हणणं, सदर हिरव्या बटणास केवळ स्पर्श करावा. त्यांच्या फोनवर ते खरंही होतं. तीन घरं, तीन फोन, तीन तऱ्हा, आणि प्रत्येकाला आपलीच तऱ्हा जगाची वाटत होती. आत्या ऐकत होती. मग तिनं टाचण्या तोंडातून काढल्या. ती टाचण्या काढते तेव्हा निकाल लागलेला असतो.

वहिनीचा फोन आडवं काज, ती म्हणाली. माझा उभं. आणि नानांचं ते टिचबटण.

सगळा गोंधळ तीन शब्दांत शिवून झाला. पण बोटाला जुन्या फोनची आडवी सवय, त्याचं काय करायचं? आत्यानं कॉलरमध्ये घालायचं जाड बकरम घेतलं, फोनच्या अंगाबरोबर खोळ शिवली आणि हिरवं वर्तुळ जिथं येतं तिथं बोटभर उभं काज केलं. चहूबाजूंनी पक्का टाका. बोट आत घातलं की वर जाण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं.

मी आईच्या फोनवरून दहा वेळा लावला. दहाही वेळा तिनं झकास उचलला. अकराव्या वेळी मला राहवलं नाही आणि दादाच्या घोगऱ्या आवाजात मी म्हटलं, “आई, मी बोलतोय.” आत्याचा चेहरा असा झाला की मी फोन ठेवून दिला. तिनं पट्टी उचलली नाही. मला ते जास्त लागलं.

तीनला पाच मिनिटं होती. बॅटरी किती आहे बघावं म्हणून मी त्या काजातून फोन उघडला आणि नेमका तेव्हाच तो वाजला. फोनचा पडदा बंद असताना वाजला तर वर्तुळ खाली येतं. उघडा असताना वाजला तर वरच्या कडेला चिमुकली पट्टी येते, तिच्यावर एक लाल, एक हिरवं. हे मला ठाऊक होतं. तरी मी उघडला होता. वरची कड सगळी बकरमाखाली, आणि खोळ इतकी घट्ट की निघेना.

आत्या काजात बोट घालून वर ओढतेय, वर ओढतेय, आणि काही होत नाही. तिसरी रिंग. चौथी. तिनं कात्री घेतली. तयार काज तिनं जन्मात कधी फाडलं नव्हतं. ते तिनं वरच्या कडेपर्यंत उभं चिरत नेलं. हिरवं दिसलं. सवयीनं तिचं बोट आडवं निघालं.

“टिचबटण!” मी ओरडले.

बोट थांबलं. मग अलगद टेकलं.

“आई?” फोनमधून घोगरा आवाज आला. आत्यानं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. ते मिटलेलं होतं.

“अजून रागात आहेस?”

“राग कसला,” ती म्हणाली. “आडवं समजून ओढत होते. उभं निघालं.”

पलीकडे नुसती खरखर झाली. मला वाटलं, गेली रेंज.

“काज?” दादानं विचारलं.

“काज.”

मग तो हसला. मला त्याचा आवाज जमतो, हसणं अजून जमत नाही. म्हणाला, जहाजावर एकवीस माणसं आहेत आणि सगळ्यांची तुटलेली बटणं त्याच्याच खोलीत येतात. आत्यानं विचारलं, गाठ आतून मारतोस की बाहेरून? तो म्हणाला, आतूनच, आणि बटणाखाली दोरा गुंडाळून मानही करतो. तेव्हा कुठं ती स्टुलावर बसली. चार वाजत आले तरी दोघं दोऱ्यांच्या जाडीवर वाद घालत होते, आणि दोघांचेही आवाज हळूहळू चढत होते, म्हणजे सगळं ठीक होतं.

शेवटी पलीकडून भोंगा ऐकू आला. दादा म्हणाला, ठेव आता.

आत्यानं चिरलेल्या काजातून लालकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

“तूच ठेव बाबा,” ती म्हणाली. “माझ्या हातून पुन्हा कापायला नको.”