लेम्पीची हलकी बंदूक

लेम्पी हिल्तुनेननं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि अमेरिकेतल्या वरच्या मिशिगनातल्या बर्फाळ रस्त्यांवरून ती बस एकदाही खाली घसरली नाही. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. धाकटा भाऊ आर्वो खाणीत पाय मोडून घरी बसला, तेव्हापासून दोघं एकाच घरात राहत आणि दिवसभर एकमेकांना टोमणे मारत. शिकारीच्या बाबतीत मात्र आर्वोसुद्धा तिच्यापुढे गप्प बसे. लेम्पीची गोळी वाया गेलेली कुणी पाहिली नव्हती.

वडिलांची बंदूक तिनं चाळीस मोसम वापरली. दुर्बिणीसकट सव्वाचार किलोचं धूड होतं ते. सहासष्टाव्या वर्षी तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि ते धूड खांद्याला लावून दलदल तुडवणं जमेना. तेव्हा सप्टेंबरात तिनं नवी बंदूक घेतली. बोल्टचीच, दर गोळीला खटका मागं ओढायची, पण गोळ्या भरून जेमतेम अडीच किलो. दस्ता कसल्याशा काळ्या प्लास्टिकचा आणि नळी अंगठ्याएवढी.

आर्वोनं ती हातात घेऊन वरखाली केली. "बंदूक यातच आहे ना, की दुकानातच विसरलीस?"

"आण इकडं. तुझ्या त्या कुबडीपेक्षा तरी सरळ मारते."

"झाडू म्हणून बरी आहे. कोपऱ्यातली जाळी निघतील."

रेतीच्या खाणीत जाऊन तिनं ती चालवून पाहिली. बोल्ट लोण्यातून सुरी फिरावी तसा मागंपुढं होत होता, ते तिला आवडलं. धक्का मात्र असा बसला की दात वाजले. आवाजही जुनीपेक्षा कर्कश. पहिल्या दोन गोळ्या एकमेकींना चिकटून गेल्या, तिसरी चार बोटं वर. पातळ नळी तेवढ्यात तापली होती. "पहिल्या गोळीतच काम उरकायचं," ती म्हणाली, "तिसरीची वेळ ज्याच्यावर येते त्यानं मासे धरावेत."

तरी काहीतरी खटकत होतं. बाकावर वाळूच्या पिशव्यांवर टेकवली की बंदूक ठीक. पण हातात धरून दुर्बिणीतून पाहिलं की आतली नेमाची फुली लुकलुक हलायची. जड बंदूक आपल्या वजनानंच स्थिर राहायची. हिला वजनच नाही, तर ती अंगातली प्रत्येक हालचाल उचलायची. नीट पाहिल्यावर तिच्या लक्षात आलं, की हात थरथरत नाहीये. फुली उडतेय ती नाडीबरोबर. एक ठोका, एक उडी. तिला ते विचित्र वाटलं, जणू कुणी आपल्या छातीत हात घालून नळीचं टोक धरलंय. घरी आल्यावर आर्वोला ती काही बोलली नाही. त्याला हसायला तेवढं निमित्त पुरलं असतं.

पंधरा नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीचा मोसम उघडला. दोघं आदल्या दिवशीच ओढ्याजवळच्या झोपडीवर पोचली होती. उजाडायच्या सुमारास आर्वोनं वेलदोड्याचा पाव कापला, थर्मासात कॉफी भरली आणि तिच्या पाठीवरची नारिंगी जाकिटाची घडी सरळ केली.

"कुठं बसतेयस?"

"ओढ्यापलीकडं. सीडरच्या दलदलीत, मोठ्या खोडावर."

"एवढ्या लांब? आपल्या वयाला शोभेल असं बस की."

"माझ्या वयाचं मी बघते. तू त्या मांस भरलेल्या पेस्ट्या करपवू नकोस म्हणजे झालं."

दलदलीत वारा अजिबात नव्हता. सीडरच्या झाडांना दाढ्यांसारखं शेवाळ लोंबत होतं आणि त्यातून धुकं हळूहळू सरकत होतं. पहिल्या दिवशी सकाळी चहूबाजूंनी गोळ्यांचे आवाज यायला हवेत. लांबून दोन आले, मग तेही थांबले. कावळा नाही, खार नाही. तिनं दोनदा पाठीमागं हात नेऊन बंदूक आहे ना ते चाचपलं. इतकी हलकी की ती खांद्यावर आहे हे अंगाला कळतच नव्हतं.

खोडावर बसून तिनं कॉफी ओतली. वाफ सरळ वर गेली. घड्याळात आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. प्याला खाली ठेवून तिनं मान वर केली, तर समोर साठेक पावलांवर हरीण उभं होतं.

ते आलं कधी, तिला कळलं नाही. धुक्यामुळं डोक्यावर शिंगं आहेत की मागच्या फांद्या, ते ठरवता येईना. ते तिच्याकडंच पाहत होतं. हरणानं माणूस पाहिला की कान हलतात, पाय आपटला जातो, शेपटी उडते. हे नुसतं बघत होतं.

लेम्पीनं कोपरं गुडघ्यांवर टेकवली, सेफ्टीची कळ काढली आणि दुर्बिणीला डोळा लावला. फुली हरणाच्या छातीवर उडत होती. टक, टक, टक. तिनं श्वास सोडला आणि थांबली. टक, टक. मग एक उडी चुकली. मग पुन्हा टक. मग दोन चुकल्या.

आणि मग फुली एकदम स्थिर झाली.

इतकी स्थिर फुली तिनं या बंदुकीत पाहिली नव्हती. खिळ्यानं ठोकल्यासारखी. क्षणभर तिला बरंच वाटलं, आता गोळी सोडावी. बोट चापाकडं गेलं. आणि ही फुली का हलत नाही, हे तिला त्याच क्षणी कळलं.

तिनं डोळा मिटला आणि उघडला. तिच्या हिशेबानं एवढंच झालं.

पण बंदूक मांडीवर आडवी होती आणि नळीवर बोटभर बर्फ साचला होता. बाह्यांवर बर्फ, बुटांवर बर्फ. हरीण नव्हतं. प्याल्यातल्या कॉफीवर पापुद्रा धरला होता. घड्याळात नऊ पस्तीस. आकाश आता स्वच्छ होतं. बर्फ पडून थांबलासुद्धा होता आणि तिनं एक कण पडताना पाहिला नव्हता. सेफ्टी तशीच उघडी. तिनं आधी बोल्ट मागं ओढून काडतुसं काढली, थंडीनं ताठरलेल्या बोटांनी, एक एक मोजून खिशात टाकली.

उभी राहायला गेली तेव्हा तिला ठसे दिसले. ताज्या बर्फावर हरणाचे खुर उमटले होते. समोरून सरळ तिच्यापर्यंत आलेले. तिच्या बुटांच्या टोकांसमोर चारही पाय एकत्र टेकलेले, तिथं ते थांबलं होतं. मग ठसे खोडाभोवती वळले होते आणि तिच्या पाठीमागं गेले होते.

पाठीमागं बघायला ती थांबली नाही. तशीच ओढ्याकडं निघाली, थर्मास तिथंच राहिला.

झोपडीच्या दारात आर्वो उभा होता. "एवढ्यात? गोळीचा आवाज तर—" मग त्यानं तिचा चेहरा पाहिला. "लेम्पे, काय झालं गं?"

"माझं हृदय थांबलं होतं."

"काहीतरी बोलू नकोस."

"फुलीत पाहिलं मी. गाडी काढ."

एरवी त्यानं शंभर प्रश्न विचारले असते. त्यानं चूल विझवली, कुबडी घेतली आणि गाडी काढली. वाटेत तीच कुरकुरत राहिली, की पहिल्याच दिवशी दवाखाना म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही.

दवाखान्यात डॉ. पेंगेली म्हणून तरुण बाई होत्या. बंदुकीनं सांगितलं म्हटल्यावर त्या हसल्या. मग यंत्रातून कागद बाहेर यायला लागला आणि त्यांचं हसू गेलं. कागदावर एका जागी रेघ सपाट गेली होती, चांगली चार सेकंदं.

"असं आधी किती वेळा झालंय?"

"जुन्या बंदुकीत दिसायचं नाही."

"बेशुद्धी आली असणार तुम्हाला. पण ती मिनिटाभराची असते." डॉक्टरांनी कागद पुन्हा उलगडला. "सव्वा तास कसा गेला, ते मला सांगता यायचं नाही. थंडीनं गुंगी आली असेल."

"असेल," लेम्पी म्हणाली.

त्याच आठवड्यात पेसमेकर बसवला. आधी डॉक्टरनी विचारलं, "बंदूक कुठल्या खांद्याला लावता?" उजव्या म्हटल्यावर डावीकडं बसवला.

आर्वोनं त्या मोसमात तिला कणभरही चिडवलं नाही, हेच तिला चमत्कारिक वाटत होतं. फेब्रुवारीत एका दुपारी दोघं सौनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या पायरीवर अंगाच्या वाफा जिरवत बसली होती, तेव्हा तो म्हणाला, "दुसऱ्या दिवशी मी थर्मास आणायला गेलो होतो."

"त्या पायानं? दलदलीत?"

"गेलो. ते खोड पाहिलं. तू मागं पाहिलं होतंस?"

"नाही."

आर्वोनं कुबडीच्या टोकानं पायरीवरचा बर्फ उकरला. "मागं बर्फ वितळून खळगा पडला होता. हरीण बसून उठतं तसा. खोडाला लागून, लेम्पे. तुझ्या पाठीपासून वीतभर. खळग्यात केस गोठले होते. बराच वेळ बसलं असणार ते, त्याशिवाय बर्फ खालच्या पानांपर्यंत वितळत नाही."

लेम्पीनं टॉवेल खांद्याभोवती घट्ट ओढून घेतला. "आणि पुढं? ठसे कुठं गेले?"

"शोधले मी," आर्वो म्हणाला. "तिथून निघालेले सापडले नाहीत."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. थट्टा करताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडायची. ती पडली नव्हती.

पुढच्या नोव्हेंबरात लेम्पी त्याच बंदुकीनं शिकारीला गेली. झोपडीच्या मागच्या टेकाडावरून एका गोळीत सहा टोकांच्या शिंगांचा नर तिनं पाडला आणि दोघांनी मिळून तो घसरगाडीवर ओढून आणला. ओढ्याच्या पलीकडं मात्र ती गेली नाही.