बायजाबाईचा पाट

पेणजवळच्या जोहे गावातल्या कारखान्यातून गणपती नेताना मूर्तीच्या तोंडावर फडकं असतं. ते हळूच वर करून डोळे बघण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. बायजाबाईने मात्र फडक्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिची नजर थेट खाली गेली, देव ज्याच्यावर बसवला होता त्या पाटावर. पाट नवाकोरा होता, वर चकचकीत सनमायका लावलेला, आणि तो तिचा नव्हता.

"ह्यो माजा पाट नाय," ती म्हणाली.

पेणच्या आसपासच्या गावांत अजून ही रीत आहे. श्रावण लागला की घरचा पाट कारखान्यात नेऊन द्यायचा आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याच पाटावर बसलेला देव घरी आणायचा. देव दरवर्षी पाण्यात जातो, पाट घरी राहतो. मूर्तीचा रंग उजळ आला काय नि फिका आला काय, माणसं चालवून घेतात. पाट ज्याचा त्याचा असतो.

बायजाबाईचा पाट तिच्या नवऱ्याने, हिरामणने केलेला. खाडीच्या बांधाला पाणी आत-बाहेर करणारी लाकडी दारं असतात, त्यांना उघाडी म्हणतात. हिरामण त्या उघाडीवर राखणीला होता. उघाडीची दारं बदलली तेव्हा टाकून दिलेली एक फळी त्याने खांद्यावर टाकून घरी आणली आणि पावसाळाभर तासत बसला. तो काही सुतार नव्हता. पाट एका अंगाला उतरता झाला आणि एक कोपरा खाऱ्या पाण्याने खाल्लेला तो तसाच राहिला. बायजाबाई तेव्हा त्याला खूप हसली होती. पुढे हिरामण गेला. घर पत्र्याचं होतं ते स्लॅबचं झालं, मुलगा काळुराम कंपनीत शिफ्टला लागला, आणि हिरामणच्या हातची म्हणावी अशी ती एकच वस्तू घरात उरली. वर्षातून एकदा तिच्यावर देव बसायचा.

दत्तात्रेयशेठचा कारखाना तिला माहेरासारखा होता. पण त्या वर्षी शेठच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि कारभार मुलाच्या, कमळाकरच्या हाती आला. कमळाकरने कंप्यूटर आणला. प्रत्येक मूर्तीला काळ्या रेघांची चिठ्ठी चिकटली, गिऱ्हाइकाच्या फोनवर मेसेज जाऊ लागले. जोह्यात असा कारखाना दुसरा नाही, हे तो येईल त्याला ऐकवायचा. त्या कंप्यूटरला मूर्तीची उंची कळत होती, पीतांबराचा रंग कळत होता, गिऱ्हाइकाचा पिनकोडसुद्धा कळत होता. पाटापुढे मात्र त्याने फक्त माप मागितलं. झालं. गावोगावचे पाट एका ढिगात गेले, आणि चिठ्ठीवर पंधरा इंची लिहिलं असेल तर पोरांनी ढिगातला हाताला येईल तो पंधरा इंची पाट देवाखाली सरकवला. बापजाद्यांचे पाट, आणि त्यांची किंमत काय, तर एक नग.

कमळाकरने पडदा तिच्याकडे वळवून दाखवला. तिच्या नावापुढे हिरवी खूण होती. म्हणजे सगळं बरोबर आहे, असं त्याने समजावलं. वर हेही सांगितलं, की मावशी, उलट तुझा फायदाच झाला, जुन्याच्या जागी नवा मिळाला.

बायजाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. ही बाई गप्प बसणाऱ्यांतली कधीच नव्हती. मिठागरावर असताना मुकादमाने बायांच्या पिण्याच्या पाण्याचं पिंप उन्हात ठेवलं, तेव्हा तिने त्यातलं गरम पाणी तांब्यात भरून त्यालाच प्यायला लावलं होतं. गावात तिला भांडखोर म्हणतात. तोंड असलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार?

तिने कमळाकरला फैलावर घेतलं. तुझ्या बायकोचं मंगळसूत्र घेऊन तेवढ्याच वजनाचं दुसरं दिलं तर चालेल का, असं भर गर्दीत विचारलं. रांगेतली माणसं हसली. कमळाकरचे कान लाल झाले. पाट कुठल्या गाडीत गेला एवढं तरी बघ, असं काळुरामने विनवलं, तर नेमका तेव्हाच कंप्यूटर अडकला. पडद्यावर एक चक्र गरगरत राहिलं. बाहेर टेंपो उभे, लोक ओरडायला लागलेले, आणि साऱ्या जोह्यात पहिला म्हणून मिरवणारा तो कारखाना त्या चक्राकडे तोंडाचा आ करून बघत होता. चतुर्थी झाल्यावर बघू, म्हणत कमळाकरने हात झटकले.

कोपऱ्यात खुर्चीवर काळा चष्मा लावून दत्तात्रेयशेठ बसले होते. बायजाबाई त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "शेठ, कारखाना तुमचाच ना?" शेठ काही बोलले नाहीत. बायजाबाईला मुलाच्या उर्मटपणापेक्षा बापाचं ते गप्प बसणं जास्त लागलं.

देवाला काही ताटकळत ठेवता येत नाही. तिने मूर्ती घरी आणली, त्या चकचकीत पाटावरच बसवली. दीड दिवस तिच्या तोंडाला चव नव्हती. मोदक केले, आरत्या झाल्या, पण दर वेळी नमस्काराला वाकली की समोर ती सनमायका. दुसऱ्या दिवशी खाडीवर विसर्जन झालं. देव पाण्यात गेला की पाटावर तिथली मूठभर रेती घ्यायची, घरी आणून मखरात ठेवायची आणि शेवटची आरती त्या रेतीपुढे करायची, असा नेम. घरी येईपर्यंत त्या गुळगुळीत पाटावरून निम्मी रेती वाटेत सांडली होती. बायजाबाईला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

त्याच संध्याकाळी काळुरामला कमळाकरचा फोन आला. रोह्याजवळ वरशाला काशीबाई म्हणून कोणी होत्या. त्यांनी नवीन घरातला पहिला गणपती घेतला होता, मूर्ती आणि नवा पाट दोन्ही कारखान्याकडून. आमच्या देवाखाली कुजकी फळी दिली, अशी त्यांची तक्रार आली होती. कुजकी हा शब्द काळुरामने आईपासून लपवायला हवा होता. त्याने लपवला नाही.

सकाळी बायजाबाई सनमायकाचा पाट फडक्यात बांधून एसटीने रोह्याला गेली आणि पत्ता विचारत वरशाला पोचली. आरास झगझगीत होती. देवाखाली लाल मखमल पसरलेली. तिने मखमलीचं टोक उचललं आणि खाल्लेला कोपरा दिसला. ती खाली बसली आणि त्या कोपऱ्यावर हात ठेवला. काशीबाई बिचारी गडबडली. मावशी, पाट तुमचाच आहे, पण देवाची प्रतिष्ठापना झाली, आता गौरींबरोबर विसर्जनापर्यंत हलवता येणार नाही, असं ती चाचरत म्हणाली. हे बायजाबाईला सांगायची गरज नव्हती. बसलेल्या देवाला हलवायचं नसतं, एवढं तिलाही कळत होतं. भांडायला आलेली बाई देवापुढे फूल आणि कोपऱ्यात तो सनमायकाचा पाट ठेवून, चहा पिऊन परत निघाली. विसर्जनाला मी येणार, एवढं मात्र तिने दारातून बजावलं.

विसर्जनाच्या दिवशी काळुरामला घेऊन आली ती पदर खोचूनच. कुंडलिका नदीला पाणी भरपूर होतं, वरून पाऊस, घाटावर ढोलताशे. काशीबाईच्या नवऱ्याने मूर्ती पाटासकट सोसायटीच्या पोहणाऱ्या पोरांच्या हाती दिली. पाट कारखान्याकडूनच आलेला, मूर्तीबरोबरच जायचा, असं काशीबाई सोडून त्या घरात सगळे धरून चालले होते. पाट परक्याचा आहे, हे गडबडीत त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. काशीबाई ओरडून सांगायला लागली, पण ढोलांपुढे तिचा आवाज कोणाला ऐकू जाणार? पोरं छातीभर पाण्यात गेली आणि एकाने जयजयकार करत हात सोडला.

बायजाबाई लुगड्यासकट पाण्यात शिरली. अख्खा जन्म खाडीत काढलेल्या बाईला नदीची काय भीती, असं लोक म्हणतील, पण ती भ्यालेली होती. देवासाठी नव्हे, फळीसाठी. मूर्ती बुडाली, पाट सुटून वर आला आणि धारेला लागला. तिने दोन हातांनी तो धरला, छातीशी घेतला. एक पोरगा तिला सावरायला आला, त्याला तिने शिवी हासडली.

काठाजवळ येऊन ती वाकली. पाण्याखालची रेती ओंजळीने पाटावर घेतली. काळुराम म्हणाला, "आये, चल आता, पाट मिलाला ना?"

"देव यांच्या घरचा होता," ती म्हणाली. "रेती यांच्या घरी जायला पायजे."

आणि ओल्या लुगड्याने, पाट डोक्यावर घेऊन, ती वरशापर्यंत चालत गेली. काशीबाईच्या मखरात पाट ठेवला, आरती होईपर्यंत उभी राहिली. मग रेती तांब्याच्या ताटलीत काढून दिली, पाट पुसून घेतला आणि सनमायकाच्या पाटावर हात थापटून म्हणाली, "ह्यो तुमचा. पुढल्या वर्षी पाण्यात नका सोडू." काशीबाईने तिच्या पायाला हात लावला.

पाट आला, राग काही गेला नाही. पुढच्या श्रावणात बायजाबाईने पाट दिलाच नाही. कमळाकरने तीनदा मेसेज पाठवले. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती पाट घेऊन जोह्याला गेली आणि कारखान्याच्या मधोमध मांडी घालून बसली. कमळाकरने समजावलं, की पाट आधी जमा झाल्याशिवाय कंप्यूटर मूर्ती सोडत नाही.

"पाट माज्या मांडीवर हाय," ती म्हणाली. "देव आन हिकडं."

मग कोपऱ्यातल्या खुर्चीतून दत्तात्रेयशेठ उठले. त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही. मांडणीवरून तिची मूर्ती स्वतः उचलली, तिच्यापुढे आणली, आणि तिने जमिनीवर मांडलेल्या त्या उतरत्या पाटावर, एका अंगाला मातीचा गोळा लावून नीट बसवली. वर्षभर न बोललेलं सगळं त्यांनी त्या बसवण्यात बोलून टाकलं, आणि बायजाबाईलाही ते कळलं.

निघताना कमळाकरच्या पडद्यावर तिच्या नावापुढे लाल अक्षरं दिसत होती. काय लिहिलंय, म्हणून तिने काळुरामला विचारलं. त्याने वाचलं, "पाट जमा नाही."

"बरोबर लिवलंय," बायजाबाई म्हणाली, आणि देव घेऊन टेंपोत बसली.