बंद मशीनमधली सुरंगी

आमच्या वाडीत कुणाला झपाटलं म्हणून ओरडा झाला, की मी पहिला प्रश्न विचारायची — ताप मोजलात का? यावरून लहानपणापासून बोलणी खाल्ली आहेत. लग्न होऊन सासरी आले तरी ही खोड गेली नाही. त्यात मी रत्नागिरीतल्या एका ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्रीची लॅब असिस्टंट. सडक्या अंड्यांसारखा वास कुठल्या गॅसचा, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. तेव्हा वासाच्या बाबतीत तरी मला कुणी शेंडी लावू शकणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती. इथे लोक चकव्याच्या आणि पांढऱ्या साडीवालीच्या गोष्टी लिहितात, त्या मी वाचते आणि हसते. आज तुमची पाळी. हसा खुशाल... मला काडीचा फरक पडत नाही.

आधी जागा सांगते. नाचणे रोडवर आमचा फ्लॅट, तिसरा मजला, लिफ्टच्या अगदी समोर. दारातून आत आलं की हॉल. डाव्या भिंतीला शू-रॅक आणि त्याच्या वर स्विचबोर्ड. हा बोर्ड लक्षात ठेवा. घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी सासू. तिला सगळेच आये म्हणतात, मीही तेच म्हणते. माझा नवरा विलास बोटीवर मोटरमन आहे. वर्षातले बरेच महिने तो समुद्रात आणि आम्ही इथे.

आयेने जन्मभर मासळी विकली. डोक्यावर पाटी, आणि होळीच्या सुमाराला सुरंगी फुलली की केसांत सुरंगीचा वळेसर. ज्यांना सुरंगी माहीत नाही त्यांनी पिवळट कळ्यांचा गजरा समजावा. वास मात्र असा की बाई गल्लीच्या तोंडाशी असली तरी घरात कळावं. संध्याकाळी पाटी रिकामी करून ती परतली की तिच्या पदराला दोन वास असायचे — वर सुरंगी, खाली ओली मासळी. मी लांज्याकडची, काजूच्या झाडांत वाढलेली. नवी सून म्हणून आले तेव्हा पहिल्या दिवशी मनात म्हटलं, अगं बाई, हे कसं जमायचं! पण पुढे त्याच वासाची वाट बघायला लागले. तो आला म्हणजे आये आली. माझं बी.एस्सी. लग्नानंतर झालं, ते त्या पाटीच्या जिवावर. शेजारणी तिला म्हणायच्या, "सुनेला कशाला शिकवतंस? उद्या तुलाच शिकवंल ती." आये म्हणायची, "शिकवू दे की! माजंबी शिकायचं ऱ्हायलंयच."

मग तिचे गुडघे गेले. पाटी सुटली. पुढे दोनदा चक्कर येऊन पडली, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, हिला एकटं ठेवायचं नाही. म्हणून जयगडकडचं घर बंद करून तिला इथे आणलं.

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये मुग्धाताई राहतात. बाई वाईट नाही, हे आधीच सांगते. मी तापाने पडले होते तेव्हा रोज मऊ भात त्यांच्याच घरून आला. फक्त लोकांचे कान तिखट असतात, यांचं नाक तिखट. वास्तुशांतीला त्यांनी एक छानसा गुंडाळलेला बॉक्स दिला आणि हसत हसत म्हणाल्या, "फ्लॅटमध्ये काय ना सुमनताई, एकाचा वास दुसऱ्याकडे जातोच."

बॉक्समध्ये ते मशीन. डासांच्या मशीनचा भाऊच. खाली सुगंधी तेलाची बाटली, तिच्यात वात, वर वातीभोवती तापणारी कडी. प्लग लावून बटण दाबलं की वात गरम होते आणि सुगंध सुटतो. डोक्यावर एक चक्री, एक ते पाच आकड्यांची. ती फिरवली की वात कडीत वर-खाली होते. वर गेली की वास जास्त, खाली आली की कमी. यात जादू काही नाही, आठवीच्या पोरांना समजेल. बाटलीवर लिहिलं होतं लॅव्हेंडर.

"काय म्हनलीस? लवंडर?" आयेने विचारलं. "कोन लवंडला?"

त्या दिवशी आम्ही दोघी पोट धरून हसलो. ते हसू फार दिवस टिकलं नाही.

कारण ते मशीन आयेने मनावर घेतलं. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबल्याचा आवाज आला, की ती भिंतीला धरत धरत हॉलमध्ये यायची आणि चक्री पाचावर करायची. लिफ्टमधून कोण उतरलं हेसुद्धा बघायची नाही. हळूहळू बांगडे तळायचे तर खिडक्या बंद व्हायला लागल्या. मग तळणंच बंद झालं, नुसतं कालवण. मग तेही रविवारपुरतं. मग "आज वरनभातच टाक गो." हात आमसूल चोळचोळून धुवायची, मासळीला हात लावलेला नसतानाही. एकदा माझ्या कॉलेजातल्या बायका आल्या, तर आतल्या खोलीतून बाहेरच येईना. मी बोलवायला गेले तर हळूच म्हणाली, "नको गो सुमे. माज्या अंगाला येत आसंल."

किती वर्षांत पाटीला हात न लावलेली बाई! बायका गेल्या तशी मी मशीन उपटून ड्रॉवरमध्ये टाकलं. कॉलेजातून परत आले तर पुन्हा बोर्डावर, आणि चक्री पाचावर. आमची भांडणं झाली. "लोकांच्यात ऱ्हायचं तर लोकांच्या कलानं घ्यावं," हे तिचं. "लोक गेले खड्ड्यात," हे माझं.

गौरी-गणपती झाले आणि तिने जाहीर केलं, "मला जयगडला पोचव."

"तिथे कोण आहे आये?"

"घर हाय. दर्या हाय. थितं कोनाला वास येत नाय."

मी समजावलं, ओरडले, रडलेसुद्धा. विलासने बोटीवरून फोनवर हात जोडले. बाई हलेना. मी नेणार नाही म्हटल्यावर तिने ओळखीच्या रिक्षावाल्याला स्वतःच फोन करून रहाटाघरच्या एसटी स्टँडवर सोडायला सांगितलं. जयगडला ती पुन्हा पडली असती तर तिला उचलायला शेजारचं कुत्रंसुद्धा आलं नसतं. सगळ्या आळीची माणसं आता मुंबईतच असतात.

तो रविवार. जेवणं उरकली होती, बाहेर लख्ख ऊन. आयेची पिशवी दाराशी भरून ठेवलेली, आये आत लुगडं नीट करत होती, आणि मी हॉलमध्ये त्या मशीनकडे बघत उभी. त्याचा लाल दिवा लागलेला, चक्री पाचावर, नि ते लॅव्हेंडर नुसतं डोक्यात जात होतं. मी बोर्डाचं बटण बंद केलं. दिवा विझला.

आणि वास बदलला.

कसा ते सांगते. लॅव्हेंडर विरलं आणि त्याच जागेवरून सुरंगी यायला लागली. चांगली दाट, ताज्या वळेसराची! गणपतीनंतर सुरंगी... जिचा हंगाम शिमग्याचा! मला वाटलं वाऱ्याबरोबर कुठून तरी येत असेल. खिडकी लावली. तसाच. आयेची पिशवी उघडली, वाळलेली फुलं जपून ठेवली असतील म्हणून. चार लुगडी आणि डांबराच्या गोळ्या. मग मी मशीन बोर्डातून ओढून काढलं आणि नाकाशी धरलं. त्यातूनच येत होता. आणि मशीन गरम होतं... तापलेलं थंड व्हायला वेळ लागतो, मला माहीत आहे, कृपा करून मला शिकवू नका.

लॅबमध्ये आमचा नियम आहे — एकदा झालं तर पुन्हा करून बघा. मी चक्री पाचावरून एकावर आणली. सुरंगी मंदावली, जेमतेम उरली. पुन्हा वर नेली. तीन, चार... वास वाढत गेला. पाचावर नेली, आणि या वेळी सुरंगीच्या खालून ओली मासळी आली. जाळ्यातून नुकती काढलेली, अजून खाऱ्या पाण्याची. प्लगचे पाय हवेत, बाटलीत लॅव्हेंडर, आणि माझ्या हातात आयेचा पदर.

घाबरले का? घाबरले. पण मशीन खाली ठेवलं नाही.

"सुरंगी कोनी आनली गो?" आये आतून बाहेर आली. "ह्या दिसांत?" दोन पावलं पुढे येऊन ती थांबली. तिने नाक वर केलं, मग स्वतःचा तळहात हुंगला, पदर हुंगला. चेहरा असा झाला की जुनी मैत्रीण दारात उभी असावी. "सुमे... ह्यो तर माजाच वास."

म्हणजे भास एकटीचा नव्हता. दोघींचा होता म्हणा हवं तर.

तेवढ्यात बेल वाजली. दाराच्या भिंगातून बघितलं, मुग्धाताई. नाकाला रुमाल. मी मनात म्हटलं, आज होऊनच जाऊ दे. चक्री पाचावरच ठेवली, मशीन हातात घेतलं आणि दार सताड उघडलं. हो, मासळी आहे, आमच्या घरात मासळी असणारच, तिच्यावर मी शिकले... सगळं ओठांवर तयार होतं.

"अहो सुमनताई, राग मानू नका हं," मुग्धाताई म्हणाल्या, "पण ते लॅव्हेंडर आज फारच होतंय. डोकं चढलंय माझं. जरा कमी कराल का?"

ओठांवरचं सगळं भाषण मी गिळलं.

"लॅव्हेंडर? आणखी कसला वास नाही येत तुम्हाला?"

"नाही हो. लॅव्हेंडरच. पार जिन्यापर्यंत गेलंय."

मी मशीन त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. "हे बंद आहे. बघा, प्लग माझ्या हातात आहे." आणि काय सुचलं कोण जाणे, त्यांच्या समोरच चक्री एकावर नेली.

त्यांनी रुमाल काढला. "हां... आता बरं वाटतंय."

पुन्हा पाचावर. रुमाल पुन्हा नाकाला! "अहो, काय हे, कमी करा ना!"

असं मी तीनदा केलं. रुमाल खाली-वर, खाली-वर. माझ्या मागे आयेला सुरंगी कमी-जास्त होताना समजत होती, समोर मुग्धाताईंना लॅव्हेंडर. आणि मधे मी, हातात बंद डबडं घेऊन.

मग मागून आवाज आला. आये हसत होती. कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता असा तो बाजारातला, चार पाट्यांपलीकडे ऐकू जाणारा हसण्याचा आवाज. भिंतीला टेकून, डोळ्यांना पदर लावून ती हसत होती.

"म्हंजे माशाचाबी नको," ती म्हणाली, "नि हेंच्या सोताच्या लवंडराचाबी नको! मंग मी कुनासाटी चाललंय गो सुमे?"

मुग्धाताईंना काहीच कळलं नाही. "आजी कुठे निघाल्यात?" त्यांनी विचारलं. दाराशी पिशवी होती ना.

खाली रिक्षाचा हॉर्न वाजला. आयेने पिशवी पायानेच आत सरकवली. "बाजारात चाललंय," ती म्हणाली. "बांगडं आनतंय." माझा हात धरून ती खाली उतरली, रिक्षात बसली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "स्टँड नको. मिरकरवाड्याला घे. बोटी लागल्या आसतील."

आम्ही परत आलो तेव्हा घरात कसलाच वास नव्हता. थोड्याच वेळात बांगड्यांचा होता, खिडक्या उघड्या टाकून.

त्यानंतर मी मशीन इलेक्ट्रिकच्या दुकानात उघडून घेतलं. कडी, वात, एक साधा रेझिस्टन्स. दुकानदार म्हणाला, प्लगशिवाय हे नुसतं डबडं. कॉलेजच्या लॅबमध्ये नेलं, चक्री दहादा फिरवली. अगदी नाकाशी धरलं तर जरासं लॅव्हेंडर, बाकी काही नाही. बाटलीतलं तेल गाळून पाहिलं. विलासला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पटत नाय मला. पण ते मशीन टाकू नको."

ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी उपाय सुचवले. गाऱ्हाणं घाल, नारळ दे, वास्तूत काहीतरी आहे ते घालव. कुणाला घालवू? भूत मेलेल्या माणसाचं असतं ना? जिचा वास होता ती बाई आत्ता, मी हे लिहीत असताना, स्वयंपाकघरात बसून तिरफळं ठेचते आहे आणि मीठ कुठे ठेवलंस म्हणून माझ्या नावाने ओरडते आहे. तिने कधी स्पष्टीकरण मागितलं नाही. मला मात्र अजून हवं आहे, आणि अजून मिळालेलं नाही. कुणापाशी असेल तर जरूर लिहा. फक्त 'मनाचे खेळ' म्हणू नका. मन माझं होतं, रुमाल मुग्धाताईंचा होता.

मशीन अजून शू-रॅकवर आहे. प्लगशिवाय. चक्री पाचावर. ती मी हलवू देत नाही.

आत्ताच लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली. दार सरकल्याचा आवाज झाला. मी सवयीने आयेकडे बघितलं... तिने मानसुद्धा वर केली नाही. तव्यावरचा बांगडा तेवढा उलटला.