दाजींनी सोडलेली सेमीफायनल

सूर्य पूर्वेलाच उगवतो यावर आमच्या दाजींचा विश्वास होता. पण तोही स्वतः गच्चीवर जाऊन खात्री करून घेतल्यानंतरचा. एवढा संशयी माणूस सबंध मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एसटीत तिकीट तपासनीस होते. औशाच्या रस्त्यावर ते बसमध्ये चढले की तिकीट काढलेली माणसंसुद्धा घाबरून खिसे चाचपायची. घरीही तीच नजर. दूधवाल्याचं माप, डॉक्टरची गोळी, शेजाऱ्याचं हसणं, सगळ्याचीच तपासणी व्हायची. कुणाची लग्नपत्रिका आली तरी ती उलटसुलट करून विचारायचे, "आपल्याला कशाला बोलवायलेत हे?"

लातूर जिल्हा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. तिथल्या नव्या कचेरीत मला कारकुनी मिळाली आणि नायगावहून येऊन मी ताईकडेच राहू लागलो. त्या साली पाऊस कसा तो झालाच नाही. नळ आठ-आठ दिवस कोरडा. गल्ली आभाळाला शिव्या घालत होती, दाजींना मात्र खरं कारण ठाऊक होतं. "जिल्हा दिला तवाच मला वाटलं होतं, पाव्हणं. बदल्यात कायतरी काढून घेणार!"

अशा कोरड्या दिवसांत क्रिकेटचा विश्वचषक आपल्या देशात भरला. दाजींचं क्रिकेटवर जिवापाड प्रेम. पण प्रेमाच्या माणसावर तर ते जास्तच लक्ष ठेवत. गल्लीच्या तोंडाशी टेलर मास्तरांचं दुकान होतं आणि तिथे टीव्ही होता. मास्तर अदबीचा माणूस, दाजी आले की स्वतःची खुर्ची रिकामी करून द्यायचा. दाजी डोळे टीव्हीला आणि कान ट्रान्झिस्टरला लावून बसत. दोघांची साक्ष जुळते का ते बघायला! एकदा रेडिओवाला क्षणभर आधी "आउट" म्हणाला, तर दाजी ताडकन उठले. "ह्याला आधी कसं कळलं? सगळं ठरवून चालू हाय!"

आपण जिंकत गेलो तसा त्यांचा संशय वाढत गेला. "आपल्याला जिंकू कशाला द्यायलेत?"

त्याच सुमारास घरात दुसरं प्रकरण उद्भवलं. मागच्या अंगणातल्या पिंपातलं पाणी कमी होऊ लागलं. दाजींनी आतून खडूची रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेखाली चार बोटं! आधी माझ्या आंघोळीची चौकशी झाली. मग कावळ्यांची. शेवटी ते कुजबुजले, "चोर माहितीतला हाय. सेमीफायनलला सगळी गल्ली दुकानात असंल, तवा येणार तो."

आणि खरोखर, ज्या सामन्यासाठी आम्ही दोघांनी रजा टाकली होती, तो अर्ध्यात सोडून दाजींनी मला हाताला धरून घरी आणलं. सकाळभर इंग्रजांच्या सलामीवीराने आपल्या फिरकीला झाडूने झाडावं तसं झाडलं होतं. आता आपली फलंदाजी रंगात आली होती आणि आम्ही सरपणाच्या खोलीत उकिडवे बसलो होतो. दुकानाकडून आरोळी आली की दाजी दाराच्या फटीला कान लावायचे. "चौका असंल," ते पुटपुटायचे. मग एकाएकी सगळी गल्ली चिडीचूप झाली. "कप्तान गेला वाटतं," म्हणून त्यांनी डोळे मिटले.

तेवढ्यात पिंपाचं झाकण वाजलं.

ताई! तिने घागर भरली, कमरेवर घेतली आणि मागच्या भिंतीशी गेली. भिंतीपलीकडे टेलर मास्तरांचं घर. दाजी बाहेर आले. ताई दचकली, पण घागर काही तिने खाली ठेवली नाही.

"कवापासून चाललंय हे?"

"मास्तरांची बायको बाळंतपणाला उदगीरला गेली तेव्हापासून. त्यांच्या म्हाताऱ्या आईला टँकरच्या रांगेत उभं राहवत नाही. मास्तर मागायचे नाहीत."

"मला सांगायचं न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हातारीची तपासणी केली असती."

दाजींचा चेहरा असा मी कधीच पाहिला नव्हता. मुद्देमालासह चोर सापडला होता, आणि तो घरचाच निघाला होता. पलीकडून थरथरता आवाज आला, "बेटी, कौन है?"

दाजींनी ताईच्या कमरेवरची घागर काढून घेतली, भिंतीवर टेकवली आणि म्हणाले, "मैं हूँ, अम्मा. जरा संभालके. भारी हाय."

आम्ही दुकानात परतलो तेव्हा आपण हरलो होतो. माणसं मान खाली घालून बसली होती. मास्तरांनी सवयीने खुर्ची पुढे केली. दाजी बसले नाहीत. "तुम्हीच बसा, मास्तर," एवढंच म्हणाले.

पुढे नळाला पाणी आलं की पहिली घागर दाजी स्वतः भिंतीपलीकडे देत. मी हसलो तर दरडावत, "बुढीकडंच ठेवलेलं बरं. आपल्या घरात चोऱ्या होतात."

आता ते पार थकलेत. परवा नांदेडला माझ्याकडे येऊन गेले. निघताना मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. गाडीला वेळ होता. दाजींनी आपली पिशवी बाकावरच्या एका अनोळखी बाईजवळ ठेवली, "जरा लक्ष ठेव, माय," म्हणाले आणि माझ्याबरोबर चहाला आले. सावकाश बशीत ओतून प्यायले. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मीच आपला पुन्हा पुन्हा त्या पिशवीकडे बघत राहिलो, आणि चहा काही मला गोड लागला नाही.