शेळीचं कुणी लिहिलं नाही

मंचरच्या सायबर कॅफेत प्रिंट घेतली तेव्हा मी ती वाचली नाही. नारायणगाव सोडल्यावर एसटीत बसायला जागा मिळाली, तेव्हा घडी उघडली.

माझ्या मामेबहिणीची माहिती होती ती. ती तेव्हा टीव्हीवर सकाळच्या कार्यक्रमात पाहुण्यांच्या मुलाखती घ्यायची, आणि चॅनलच्या वेबसाइटवर तिचा परिचय आला होता. दुसऱ्या दिवशी तिच्या गावात, जुन्नर तालुक्यात, तिचा सत्कार होता. सूत्रसंचालन माझ्याकडे. आमच्या घरातली पहिली बी.ए. मी. हे मी सांगते, कारण ते मिळवलेलं आहे. इतिहास घेतला होता, त्यामुळे कुणी काही लिहिलं की हे कशावरून, असं विचारायची खोड लागली ती लागलीच.

कागदावर लिहिलं होतं, ‘वयाच्या सातव्या वर्षी भटक्या आईवडिलांनी टाकून दिलेली ही मुलगी लेण्याद्रीच्या पायथ्याशी फुलं विकून शिकली.’

फुलांचं वाचून हसू आलं. लेण्याद्रीला आम्ही एकदाच गेलो, शाळेच्या सहलीला. फुलं तिने विकली नव्हती, विकत घेतली होती, आणि तीही माझ्या पैशाने. पण ‘टाकून दिलेली’ हा शब्द मी पुन्हा वाचला. मामा दोन वर्षांपूर्वी वारले होते. मामी होती. उद्या मामी पहिल्या ओळीत बसणार होती, आणि हे माइकवरून मी वाचायचं होतं.

खरं काय ते मला कुणाला विचारायचं कारणच नव्हतं. मामाची मेंढरं होती. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, माळशेज घाट उतरायचा आणि पावसाच्या आधी परत यायचं. सगळी भावकी तशीच जायची. पोरगी शाळेत हुशार निघाली म्हणून मामाने तिला आमच्याकडे, म्हणजे त्याच्या बहिणीकडे ठेवली. माझ्याच अंथरुणात ती झोपायची. आणि मामी दर वर्षी निघताना दुभती शेळी आमच्या दारात बांधून जायची, पोरीला दूध मिळावं म्हणून. तिकडे कोकणात तिचा धाकटा लेक कोरा चहा प्यायचा. टाकून देणारी माणसं अशी असतात का?

गावात उतरले ती सरळ सत्कार ठेवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षाकडे गेले. तो मांडवाचे बांबू उभे करून घेत होता.

“हे खोटंय. हे मी वाचणार नाही.”

“ताई, नेटवर हाय राव ते! च्यानलनी लिवलंय. आपून कोण बदलणार?”

“ती माझ्या घरी वाढली. मी सांगतेय ना.”

“तुमी सांगताय खरं, पण फ्लेक्सवर बी तेच दिलंय छापायला. संध्याकाळी टेंपोत येतोय.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “वाचताना लई भारी वाटतं वो ते. माझ्या डोळ्याला पाणी आलं.”

“तुझ्या डोळ्याला आलं. मामीचं काय?”

त्याने एका बांबूची दोरी आवळली. मग म्हणाला, “तिला फोन लावा. ती म्हणली बदला, तर बदलतो. तिच्या तोंडनं पायजे.”

देवळामागच्या चढावर रेंज यायची. तिथे उभी राहून लावला. उचलला.

“आक्का! पोचलीस का गावात?”

मी ती ओळ वाचून दाखवली आणि म्हणाले, “कुणीतरी चुकीचं घातलंय. चॅनलला सांगून काढायला लाव.”

तिकडे दार लावल्याचा आवाज आला.

“चुकीचं नाही गं, मीच सांगितलं होतं. निवड करताना विचारलं, लहानपण कसं गेलं. आत्याकडे राहिले, शाळेत गेले, असं सांगितलं तर समोरचा घड्याळ बघायला लागला. माझ्यामागे पोरींची रांग होती, आक्का. मग सुचलं ते बोलले.”

“आणि मामी?”

“तिला कुठे वाचता येतं?”

“मला येतं,” मी म्हणाले.

फोन कट झाला. परत लावला, तर बंद.

तिथून मामीच्या घरी जाईपर्यंत मी ठरवत होते, सांगायचं की नाही. ती ओट्यावर कांदा निवडत बसली होती. वर न बघताच म्हणाली, “आलीस? पोरं म्हणत व्हती, त्या कागदात माझंबी काय लिवलंय म्हणून. वाच.”

“उद्या ऐकशीलच की.”

“आत्ता वाच.”

वाचलं. एक शब्द गाळला नाही. तिला खोटं वाचून दाखवणं मला जमलं नसतं.

तिचा हात थांबला.

“शेळीचं नाय लिवलं?” तिने विचारलं.

“नाही.”

“हां.” मग एक सडका कांदा तिने अंगणात लांब फेकला. “उद्या मी येत न्हाई. टाकून दिलेल्या पोरीच्या सत्काराला आईचं काय काम?”

मी समजावलं, हात धरला. तिने हात सोडवून घेतला आणि पुन्हा निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स चौकात लागलेला होता. अध्यक्षाने त्या ओळीवर झेंडूची जाड माळ आडवी बांधली होती. माझ्याकडे बघून म्हणाला, “रात्री माझ्या आईला ते वाचून दाखवलं. लई शिव्या दिल्या तिनं मला.” मग हळूच, “तुमचं तुमी वाचा, ताई.”

गाडी आली, हलगी वाजली, ती स्टेजवर बसली. तिने माझ्याकडे एकदाच बघितलं. पहिल्या ओळीतली एक खुर्ची रिकामी. मी माइक घेतला. दिवाळीनंतर मेंढरं कशी जायची, शाळेसाठी पोर कुठे राहिली, रात्री लिहून काढलेलं सगळं वाचलं. “आणि जाताना तिच्या आईने काळी दुभती शेळी तिच्यासाठी मागे ठेवली,” असं म्हटलं तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी माना हलवल्या. त्यांना ठाऊक होतं, मेंढरामागे जाताना दुभती शेळी मागे ठेवायची म्हणजे काय ते.

मग ती बोलायला उठली. टीव्हीवरचा तो गोड आवाज लागेना तिचा. मला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर मला खोटं पाडणार.

“आक्कानं वाचलं ते बरोबर आहे,” ती म्हणाली. “नेटवर आहे ते माझंच खोटं आहे. एकच चुकलं आक्काचं. शेळी काळी नव्हती. पांढरी होती.”

मांडवाच्या मागून, बायकांच्या घोळक्यातून आवाज आला.

“पांढरी तिची करडं व्हती! शेळी काळीच व्हती!”

सगळा मांडव हसला. ती हसली नाही. माइक तसाच खुर्चीवर टाकून ती स्टेजवरून उतरली आणि गर्दीतून वाट काढत मागे गेली. मामी पदर तोंडाला लावून उभी होती. लेकीने पाय धरले तरी ती खाली बघेना. सत्कारात आईला द्यायची मंडळाची साडी मामीने घेतली, पण माझ्या हातून.

पुढे मंचरला गेले की मी कॅफेत डोकवायची. काही महिन्यांनी ती ओळ निघाली. तिथे आता लिहिलं होतं, ‘बालपण आत्याकडे गेले.’ मामीला फोनवर सांगितलं.

“बरं,” ती म्हणाली. टीव्ही चालू होता, मागून लेकीचा आवाज येत होता. “थांब, फोन ठेव. तिचं चाललंय.”