चिंचदऱ्याला कसं यायचं

चिंचदऱ्यात फोनची रेंज एकाच जागी येते, शाळेमागच्या पाण्याच्या टाकीपाशी. तिथंही नुसतं उभं राहून भागत नाही. ओट्यावर चढायचं, तोंड पिंपळनेरकडे करायचं आणि मग काय ते बोलायचं. रत्नाबाईचं घर टाकीला लागूनच, म्हणून तिचा फोन दिवसभर ओट्यावरच्या कोनाड्यात प्लास्टिकच्या पिशवीत पडलेला असतो. वाजला की बाई चुलीवरची भाकरी तशीच टाकून धावते. पदर खोचलेला, हाताला पीठ आणि आवाज असा की अख्ख्या गावाला ऐकू जावा. लोक हसतात तिला. हसू देत बापडे!

हे फोनचं लचांड मागं लागलं ते एका पुण्याच्या पोरामुळे. गावामागच्या किल्ल्यावर चढून उपाशीपोटी उतरला होता. रत्नाबाईनं त्याला कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. तो डोळ्यांतून पाणी काढत जेवला आणि घरी गेल्यावर तिचा नंबर कुठंतरी इंटरनेटवर टाकून बसला. झालं! तेव्हापासून नाशिक, पुणं, मुंबई, सगळीकडून एकच प्रश्न: "मावशी, चिंचदऱ्याला कसं यायचं हो?"

आणि रत्नाबाई सांगायची. कंटाळून नाही, घाईत नाही, प्रत्येकाला पहिल्यापासून. रेल्वेनं येणार असाल तर चाळीसगावला उतरा, तिथून धुळं गाठा. धुळ्याहून साक्रीची एस.टी., साक्रीहून पिंपळनेर. पिंपळनेरच्या स्टँडबाहेर रमीजभाईची काळीपिवळी उभी असते, ती फाट्यावरून थेट गावात येते. पण सीट भरल्याशिवाय तो हलत नाही, त्याच्याशी भांडू नका, चहा प्या. मुक्कामी एस.टी. संध्याकाळी येते, ती फाट्यावरच सोडते. सुरतेकडून येणाऱ्यानं नवापूर, दहिवेल करत यावं. आणि स्वतःची गाडी असेल तर नीट ऐका, बरं का! फोनमधला नकाशा तुम्हाला नाल्यावरच्या फरशीनं, म्हणजे जुन्या बुटक्या पुलावरून, आणील. फरशीवरून येऊ नका. गेल्या साली पुरानं मधली फरशी खाल्लीय, वरून पाणी गेलं की कळतसुद्धा नाही. वडाच्या अलीकडे डाव्या हाताला वळा, तिकडे नवा पूल झालाय.

फरशीच्या तोंडाशी गावानं बाभळीच्या काट्या लावल्या होत्या. यंदाच्या पाण्यात त्या वाहून गेल्या. परत लावायचं राहिलं. गावातल्या बठ्ठ्यांना, सगळ्यांनाच, ठाऊक होतं, बाहेरच्यांना रत्नाबाई सांगत होती, मग लावायच्या कुणासाठी?

आता समाधानचं सांगायला हवं. समाधान म्हणजे रत्नाबाईचा एकुलता एक पोरगा. सुरतेला साड्यांच्या कारखान्यात होता. गावातून गेला तो बापाशी भांडून. बाप सुकदेव माणूस वाईट नाही, पण तोंडाचा फटकळ. पोराला शेतात राबायचं नव्हतं. त्याला जीप घेऊन ट्रेकवाल्यांची ने-आण करायची होती. सुकदेव म्हणाला, रमीजच्या पोटावर पाय द्यायचा नाही, तो वेळेला आपल्याला कामी आलेला माणूस आहे. शब्दाला शब्द वाढला आणि भरल्या ताटावरून पोरगा उठला. सुकदेव मागून ओरडला, "जाय! परत हाई उंबरा चढू नको!"

पोरानं ते खरं केलं. दिवाळी नाही, आखाजी नाही. मधून मधून आईला फोन यायचा तेवढाच. त्यातही रत्नाबाई विचारणार काय? जेवलास का, अंग दुखतं का, खोलीत पाणी येतं का. गावातल्या नाल्याच्या, पुलाच्या गोष्टी कोण कशाला काढील? रेंज जायच्या आत पोराचा आवाज कानात भरून घ्यायचा, एवढंच तिला सुचायचं.

पण श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते तेव्हा तिला राहवायचं नाही. आमच्या खान्देशात कानबाईला माणूस कुठंही असला तरी घरी येतो. भाऊबंदांनी एकत्र बसून रोट खायचे, बाहेरच्याला त्यातला तुकडाही द्यायचा नाही, असा नेम. त्या रोटांसाठी घरातल्या दर पुरुषामागं सव्वा मूठ गहू घेतात. समाधान नसतानाही रत्नाबाई दरसाल त्याच्या नावाची मूठ सुपात टाकायची. सुकदेव बघायचा आणि तोंड फिरवून बाहेर जायचा. पोराच्या वाट्याचा रोट मग ती दोघंच खायची.

यंदा मात्र नवल झालं. गहू घ्यायला ती बसली, तर सुकदेवच पुढं आला. आपली मूठ टाकली आणि परत हात घालून दुसरीही टाकली. म्हणाला, "त्याले फोन लाव. सांग, बाप वाट देखी राहिना, घर ये."

रत्नाबाई ओट्यावर चढली आणि बापाचा निरोप पोराला सांगितला. समाधान हळूच म्हणाला, "येसू मी, माय. शनिवारी येसू." नवी मोटारसायकल घेतली होती, तिच्यावरूनच येणार होता. नानांना, म्हणजे बापाला, मागं बसवून किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत फिरवीन म्हणाला. मग हसून म्हणाला, "बठ्ठ्या दुन्याले सांगस तू. माले नही सांगशी का कसं येवानं ते?"

रत्नाबाई खळखळून हसली. "तुले काय सांगानं रे भो! तू काय पाव्हना शे का?"

अहो, कुठल्या आईनं आपल्या पोराला घरचा रस्ता सांगितलाय? तुम्ही सांगाल? त्याच फरशीवर तो लहानपणी खेकडे धरायचा. त्याच फरशीवरून शाळेला गेला. त्यानं चिडवलं, म्हणून तीही त्याला चिडवून मोकळी झाली. आणि फोन ठेवल्यावर सगळ्या गावाला सांगत सुटली, समाधान येतोय, समाधान येतोय.

शनिवारी तिनं अंगण सारवलं. कानबाईच्या जागेला आंब्याचा टहाळा बांधला. पोराला आवडतात म्हणून मेथीचे दिवे उकडले. सुकदेवनं तर दाढी केली! बायको हसली तसा तो लाजला आणि उगाच गोठ्यात जाऊन बैलाला चारा टाकू लागला. वरच्या डोंगरात दुपारपासून पाऊस लागला होता. गावात मात्र कोरडंच होतं, त्यामुळे नाल्याचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही.

दिवेलागणीच्या सुमारास फोन वाजला. रत्नाबाई धावली. समाधान नव्हता, नाशिकची चार पोरं होती, गाडी घेऊन फाट्यावर आली होती. "मावशी, नकाशा सरळ जा म्हणतोय."

तिचा जीव तिकडे पोराच्या वाटेवर लागलेला. तरीही तिनं त्यांना सगळं नीट सांगितलं. सरळ जाऊ नका, बाबांनो. फरशीवरून येऊ नका. वडाच्या अलीकडे डावीकडे वळा, हळू या, घाई करू नका. वरून दोनदा विचारून घेतलं, कळलं ना नक्की?

पोरं आली. धड आली. तिनं त्यांना ओटीवर बसवलं, चहा टाकला. त्यातलं एक भिडस्त पोरगं कप हातात घेत म्हणालं, "मावशी, तुम्ही होतात म्हणून वाचलो. केवढं पाणी आहे हो त्या फरशीवर! आमच्या पुढं एक मोटारसायकलवाला होता, तो सरळ तिकडंच गेला."

"थांबवलं नही का रे तुम्ही त्याले?"

"हॉर्न दिला की. पण त्यानं हात हलवला, जा म्हणून. अगदी सराईतासारखा पुढं गेला. आम्ही म्हटलं, गावातलाच दिसतोय. त्याला ठाऊक असणार."

रत्नाबाईनं गाडीचा रंग विचारला नाही. पोराच्या अंगात काय होतं, तेही विचारलं नाही. ती उठली आणि अनवाणीच नाल्याकडे पळत सुटली. सुकदेव गोठ्यातून ओरडत मागं धावला. गाव धावलं. रमीजभाई शेवटची फेरी करून नुकताच आला होता, त्यानं काळीपिवळी तशीच फिरवली आणि दिवे पाण्यावर धरले. मोटारसायकल फरशीच्या खड्ड्यात अडकलेली होती. समाधान उजाडल्यावर सापडला, खालच्या अंगाला, बाभळीच्या मुळ्यांत. रमीजनंच पाण्यात उतरून त्याला खांद्यावर घेतला आणि ओक्साबोक्शी रडत वर आणला. सुकदेवनं पोराचं डोकं मांडीवर घेतलं आणि एकच म्हणत राहिला, "उंबरा चढ रे बाप्पा, उंबरा चढ." ऐकवत नव्हतं कुणाला.

त्या रविवारी त्यांच्या भाऊबंदांत कुणाच्याच घरी कानबाई बसली नाही. सुतक होतं.

गावानं मग फरशीच्या तोंडाशी दगडांचा बांध घातला. आता घातला! सुकदेवनं त्या दिवसापासून बोलणंच टाकलं. त्याला वाटतं, मी हाकललं नसतं तर पोरगं इथंच असतं, त्याला वाट न् वाट ठाऊक असती. रत्नाबाईला वाटतं, एका वाक्याचं तर काम होतं. परक्यांना ती शंभरदा बोलली होती ते वाक्य. एकाच घरात दोघं आपापला गुन्हा उराशी धरून बसलेत आणि कोण कुणाला समजावणार?

फोन तिनं दोन-अडीच महिने उचलला नाही. कोनाड्यात वाजून वाजून बंद पडायचा. नाशिकची पोरं दिवसकार्याला आली होती, तीही अपराध्यासारखी मान खाली घालून बसली. त्यांचा तरी काय दोष? शेजारणी म्हणाल्या, रत्ना, नंबरच बदलून टाक, कशाला जिवाला घोर? तिनं ऐकून घेतलं.

दिवाळीच्या तोंडावर फोन वाजला आणि काय मनात आलं कोण जाणे, ती उठून ओट्यावर गेली. शेजारच्या प्रमिलाबाईची मोहिनी होती. बारावीनंतर नर्सिंगला जळगावला राहिलेली. आईला निरोप द्यायचा होता, परवा सुट्टी लागतेय, मैत्रिणीच्या स्कूटीवरून घरी येते.

"थांब," रत्नाबाई म्हणाली. "कसं येवानं ते सांगस तुले. धुळ्याहून साक्री. साक्रीहून पिंपळनेर. मग फाटा..."

पोरगी हसायला लागली. "काकू, मी काय पाव्हनी शे का? गावनीच शे ना मी!"

रत्नाबाईचा आवाज फुटला. टाकीला डोकं टेकून ती रडली, फोन कानाला तसाच. पलीकडे पोरीला समजलं. मग रत्नाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"माले ठाऊक शे, माय. तरी आयक," ती म्हणाली. "वडाच्या अलीकडे डाव्या हाताले वळ."

आणि तिनं पहिल्यापासून सगळा रस्ता पुन्हा सांगितला.