आधी चूक, मग जेवण

आपली चूक चारचौघांत सांगायला इतका उतावीळ माणूस पनवेल-उरणच्या पट्ट्यात दुसरा जन्मला नाही, हे मी कुणाहीपुढं सांगेन. आमचे हे डॉक्टर सर्जन, आणि इकडच्या सगळ्या सर्जन लोकांच्या संघटनेचे अध्यक्ष. खांदा कॉलनीजवळ, सरकारनं घेऊन उरलेल्या जमिनीवर माझा हॉल आहे, त्यात दर महिन्याला यांची बैठक. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण हॉल माझा, म्हणून मागच्या खुर्चीवर हक्कानं बसतो. बाकीच्यांना संघटना म्हणजे सहल, सत्कार आणि शाल. डॉक्टरांचा कायदा वेगळा. आधी चूक, मग जेवण. प्रत्येकानं उभं राहून आपला हात कुठं चुकला ते सांगायचं, बाकीच्यांनी त्यातून शिकायचं. "लपवलेली चूक दुसऱ्याच्या पेशंटवर परत होते," म्हणायचे. खरं असेल, पण तोवर जेवणासाठी तळलेली माझी पापलेटं गार. एकदा एक नवा सर्जन म्हणाला, "सर, या महिन्यात माझी चूकच नाही." डॉक्टर म्हणाले, "मग ऑपरेशनंच केली नाहीस वाटतं." बिचाऱ्यानं जुनी एक आठवून सांगितली, तेव्हा कुठं त्याला ताट मिळालं.

बोलताना त्यांच्या हाताला दोरा लागायचा. हाराचा असो की मिठाईच्या पुड्याचा, टाक्याला मारतात तशा एका हातानं गाठी चालू. माझ्या नातवाच्या लग्नात गप्पांच्या नादात त्यांनी मांडवाची झालर खुर्चीला अशी बांधली की शेवटी कातर आणावी लागली. अलीकडं मात्र त्या गाठी सुटायला लागल्या होत्या. मी बघत होतो. त्यांनी तर माझ्या आधीच बघितलं असणार.

माझा हर्निया मी वर्षानुवर्षं पट्टा बांधून सांभाळला. घरचे ओरडून थकले, मीही थकलो, आणि कबूल झालो ते एकाच अटीवर, की कापणार हेच डॉक्टर. तारीखही ठरली. तिच्या आधीच्या बैठकीत डॉक्टर उभे राहिले आणि उजवा हात पुढं धरला. पानासारखा थरथरत होता.

"ही केस माझी. चूक अजून झालेली नाही. या माणसानं चाकू धरावा का? बोला."

सगळे त्यांच्याच हाताखाली शिकलेले. कुणी मान वर करीना. शेवटी एक बाई सर्जन उठल्या. "सर, नका धरू."

मी मागून ओरडलो, "ओ बाय, माझं ऑपरेशन ठरलंय यांच्याकडं!"

"म्हणूनच, दादा," डॉक्टर म्हणाले. "आता याच करतील."

"तुमी नाय, तर कोन नाय."

"मी संघटनेचं ऐकलं. तुम्ही माझं ऐका."

वाद घालायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. "मंग तुमी तितं उभे ऱ्हा. नायतर मी टेबलावर चढत नाय."

उभे राहिले. कंबरेत इंजेक्शन देऊन मला खालून बधिर केलेलं, मी जागा. डॉक्टर उशाशी, दोन्ही हात काखेत दाबून, हळू आवाजात सांगत होते, "आता आतडं आत सारलं... आता ती वर आधाराची जाळी बसवतेय..." आणि मधेच गप्प झाले.

"काय झालं? चुकली काय?"

डॉक्टर पुढं वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "नाही. माझ्यापेक्षा चांगली बसवली."

मी मान वळवून वर बघितलं. तोंडावर मास्क, नुसते डोळे दिसत होते. मी परत छताकडं बघत पडून राहिलो.